डर्टी म्हणजे फक्त घाण नव्हे, या चुका टाळा

सांगलीत एका बेदाण्याच्या एक्स्पोर्ट ऑफिसात नवीन लागलो होतो तेव्हाची गोष्ट. बाहेरच्या पार्टीचा मेल आला, त्यात 'डर्टी बिल ऑफ लेडिंग' असं काहीतरी होतं (बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाज कंपनी माल ताब्यात घेतल्याची देते ती पावती), आम्ही डर्टी वाचलं आणि तिथंच थांबलो. शेठ तापले, आपला माल घाण म्हणतोय होय हा! मग गोडाऊनमधनं बेदाणा आणला, स्टीलच्या ताटात पसरला, वरनं मोबाईलची बॅटरी मारून आठ-दहा फोटो काढले आणि धाडले. त्याचं उत्तर आलं, बेदाणा छानच आहे पण मी कागदाबद्दल बोलतोय.

तर भानगड अशी, की जहाज कंपनीनं माल ताब्यात घेताना बिलावर 'दोन बॉक्स भिजलेले' वगैरे शेरा मारला तर ते बिल क्लॉज्ड, फाउल नाहीतर डर्टी, आणि शेरा नसला की क्लीन. एलसीवर, म्हणजे कागद बरोबर असले की पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर (लेटर ऑफ क्रेडिट), व्यवहार असेल तर बँकेला क्लीनच लागतं, त्यामुळं हळद असो का बेदाणा, माल कितीही चकाचक असला तरी त्या एका ओळीनं पैसे अडकतात. बाँडच्या म्हणजे कर्जरोख्यांच्या बाजारात तर अजून गंमत, तिथं डर्टी प्राइस म्हणजे साचलेलं व्याज धरून आलेली किंमत, म्हणजे ९८ रुपयाचा बाँड आणि वर २ रुपये व्याज साचलंय तर क्लीन प्राइस ९८ आणि डर्टी १००, यात लबाडी काहीच नाही. म्हणून डर्टी दिसलं की शेजारचा शब्द आधी बघा.

उलट बाजूनं चुका तर आपण रोजच करतो. घाण दिसलं की डर्टी टाकायचं. घाण वास आला की डर्टी स्मेल, भाजी घाण झाली की डर्टी टेस्ट, अहो तिथं साधं बॅड लिहा की. आणि आपली पोरं 'लय घाण हसलो राव' म्हणतात त्यातल्या घाणचं काय करणार? (ब्रिटिश लोक मोठ्ठ्या ट्रकला 'डर्टी ग्रेट लॉरी' म्हणतात, म्हणजे हा रोग तिकडंही आहे, पण तुम्ही इंटरव्ह्यूत वापरू नका.)

घरात पसारा पडलाय, चादरी, दप्तरं, पेपर, तर ते मेसी. डर्टी म्हटलं की झाडलं-पुसलं नाही असा अर्थ होतो आणि घरची बाई दुखावते. खरकट्या भांड्यांना डर्टी डिशेस बरोबर. पण उष्टं आणि ओवळं यांना डर्टी लावू नका, उष्ट्या पाण्याचा ग्लास दिसायला स्वच्छच असतो, तिथं 'मी यातनं प्यायलोय' असंच सरळ सांगावं लागतं.

डर्टच्या बाबतीत वेगळाच घोळ. अमेरिकन माणूस डर्ट म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला साधी माती म्हणायची असते, डर्ट रोड म्हणजे कच्चा रस्ता, घाणेरडा नव्हे. २०१९ च्या पुरानंतर आमच्या घरात गुडघाभर गाळ होता, तो सांगताना मी डर्ट लिहिलं आणि समोरच्याला वाटलं धूळ बसली असेल, तिथं मड नाहीतर सिल्ट पाहिजे होतं. मूळ शब्द मात्र खरंच घाणीचा आहे, जुन्या नॉर्स भाषेतला 'द्रित', म्हणजे विष्ठा, आणि इंग्रजीत येऊन त्याची अक्षरं उलटी झाली, आपल्याकडं नुकसानचं नुसकान होतं अगदी तसंच.

डर्टी जोक म्हणजे चावट विनोद, डर्टी लुक म्हणजे खाऊ का गिळू अशी नजर, 'क्विक अँड डर्टी' म्हणजे कामचलाऊ, हे बहुतेकांना माहीत असतं. कॅफेत डर्टी चाय मागवलात तर मसाला चहात एस्प्रेसोचा शॉट येतो, तो परत पाठवू नका.

एक मात्र ध्यानात ठेवाच. पावसात साताऱ्याहून कासला जाऊन चिखलात लोळून आलात आणि सोमवारी इंग्लंडच्या क्लायंटला उत्साहानं लिहिलंत 'हॅड अ डर्टी वीकेंड', तर तो वाचणार की साहेब कुणाला तरी घेऊन गुपचूप हॉटेलात जाऊन आले. कपडे चिखलानं भरले होते ना, मग 'वुई गॉट मडी' लिहा.