ज्यांच्यावर लिहिलंय त्यांना ड्राफ्ट वाचायला कसा द्यायचा

माझ्या कादंबरीत एक अंध पेटीवादक होता. खरं सांगायचं तर तो आपला सिनेमातला आंधळाच होता, पावलं मोजत चालणारा, आवाजावरून समोरच्याचं मन ओळखणारा, आणि एका सीनमध्ये नायिकेच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवून ती कशी दिसते ते सांगणारा. तो सीन मला भयंकर आवडलेला. मग ड्राफ्ट एका दृष्टिहीन गृहस्थांना दिला, ते बँकेत नोकरीला आहेत, आणि दोन दिवसांनी त्यांची व्हॉइस नोट आली, "मॅडम, अठरा वर्षं बँकेत आहे, आजवर कोणाच्या तोंडावरून हात फिरवला नाही. फिरवला असता तर नोकरीवर ठेवलं असतं का मला?"

अशा वाचकाला सेन्सिटिव्हिटी रीडर म्हणतात. आपण जे आयुष्य जगलेलो नाही ते आपल्या गोष्टीत आलं असेल तर ते जगणाऱ्या माणसाला छापायच्या आधी वाचायला द्यायचं, बास, एवढंच आहे ते. नाव काढलं की लोक लगेच म्हणतात ही सेन्सॉरशिप झाली, २०२३ मध्ये रोआल्ड डाल या ब्रिटिश बालसाहित्यिकाच्या पुस्तकांतले शब्द बदलले तसं. पण तिथे लेखक वारलेला होता आणि पुस्तकं कित्येक वर्षं छापलेली होती, ओरड झाल्यावर प्रकाशकांना मूळ आवृत्त्याही छापत राहू असं जाहीर करावं लागलं. इथे ड्राफ्ट तुमचा, पेन तुमचं, शेवटचा शब्दही तुमचाच.

आता द्यायचा कधी. अगदी पहिला खर्डा नको, तुम्हालाच अजून कळलेलं नसतं काय लिहिताय, उगाच माणसाचा वेळ जातो. आणि प्रुफं (छपाईआधी तपासायची शेवटची पानं) आल्यावर तर अजिबात नको, कारण तेव्हा तुम्ही फक्त शब्द बदलायला तयार असता आणि चुका शब्दात कमी, कथानकात जास्त असतात. 'आंधळा' खोडून 'दृष्टिहीन' केलं की काम झालं असं मलाही वाटलेलं. माझ्या वाचकाला त्या शब्दाचं काहीच नव्हतं, ते स्वतः सरळ 'अंध' म्हणतात, 'दिव्यांग' म्हटलं की हसतात (दुसऱ्या कोणाला तोच शब्द आवडत असेल, विचारून घ्या). त्यांचं म्हणणं वेगळंच होतं, की हा माणूस अडीचशे पानं नायिकेला शहाणपण शिकवतोय, त्याचं स्वतःचं काय चाललंय? त्याला भाडं भरायचं नाही का, कोणावर चिडायचं नाही का? हे दुसऱ्या-तिसऱ्या ड्राफ्टला कळलं तर दुरुस्त होतं, प्रुफाला कळलं तर फक्त वाईट वाटतं.

माणूस शोधताना पहिली चूक आपण करतो ती म्हणजे ऑफिसमधल्या किंवा बिल्डिंगमधल्या एकुलत्या एक ओळखीच्या माणसाला गाठतो. त्याला नाही म्हणणं अवघड जातं आणि 'छान आहे' म्हणून तो सुटका करून घेतो. थोड्या लांबच्या ओळखीचा बघा, वाचनाची आवड असलेला बघा. आणि जात, धर्म, अपंगत्व एवढंच जुळवून भागत नाही हं. शहरात वाढलेला बौद्ध मुलगा तुम्हाला मराठवाड्यातल्या खेड्यातल्या घराबद्दल खात्रीने सांगेलच असं नाही, जन्मापासून न दिसणारा आणि चाळिशीत नजर गेलेला यांचं जगणंही वेगळं. पात्र प्रमुख असेल तर दोन वाचक घ्या. दोघांचं पटणार नाही, ते चांगलंच आहे, तिथे तुमच्या पात्राला स्वतःचं मत असायला जागा मिळते.

फाईल पाठवताना मी जो घोळ घातला तो तुम्ही घालू नका. आपल्याकडे डीटीपीवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात काम करतात, तसली पीडीएफ मी पाठवली आणि स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, ती अगम्य अक्षरांची बडबड करून वाचली. युनिकोडमधली साधी वर्ड फाईल पाठवायची. स्कॅन केलेली पानं तर नकोच, स्क्रीन रीडरच्या लेखी तो नुसता फोटो.

सोबत एक छोटी चिठ्ठी हवी. गोष्ट थोडक्यात (शेवटासकट, सस्पेन्स ठेवू नका), कुठल्या प्रकरणांत ते पात्र येतं, आणि कुठे मारहाण, शिवीगाळ, अत्याचार असेल तर ते आधीच सांगायचं, नाहीतर माणूस रात्री निवांत वाचायला बसतो आणि त्याच्यावर ते येऊन आदळतं. मग तुमचे प्रश्न. 'यात काही आक्षेपार्ह आहे का?' हा प्रश्न फालतू आहे, त्याचं उत्तर नेहमी 'नाही' येतं. त्यापेक्षा विचारा की कुठे वाचताना थांबलात? कुठे हसू आलं जिथे यायला नको होतं? या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? रोज घडणारं असं काय आहे जे यात कुठेच नाही?

हा शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. बँकवाल्यांनी त्यावर मला वीस मिनिटं दिली. हॉटेलात वेटर त्यांना सोडून मुलाला विचारतो, "साहेब काय घेणार?" रस्ता ओलांडताना लोक दंड धरून ओढत नेतात, खरं तर अंध माणसाने आपलं कोपर धरायचं असतं म्हणजे आपण पुढे आणि तो अर्धं पाऊल मागे. टॉकबॅक, म्हणजे फोनमधला स्क्रीन रीडर, ते इतक्या स्पीडने ऐकतात की शेजारच्याला एक अक्षर कळत नाही, त्यामुळे लोकलमध्ये बायकोचे मेसेज बिनधास्त ऐकतात. आणि हो, 'काल मॅच बघितली' असंच म्हणतात, माझ्या पेटीवाल्यासारखं 'ऐकली' म्हणत नाहीत. चेहऱ्यावरचा सीन गेला आणि त्या जागी लोकलमधला मेसेजचा सीन आला. संपादकाला पूर्ण पुस्तकात तोच सगळ्यात आवडला.

सगळ्यांना फाईल पाठवून चालत नाही. त्याच कादंबरीत बीडकडची ऊसतोड करणारी एक बाई आहे, तिच्यासाठी ज्या ताई भेटल्या त्यांना अडीचशे पानं वाचायला वेळ कुठला. कारखान्याचा पट्टा पडून (म्हणजे गाळपाचा हंगाम संपून) त्या गावी परत आल्या तेव्हा एप्रिलमध्ये गेले, दोन दिवस त्यांच्या ओट्यावर बसून तेवढी प्रकरणं मोठ्याने वाचली. माझी नायिका दुपारी बांधावर झाडाखाली बसून माहेर आठवत होती. ताई म्हणाल्या, "बया, हिला टाइम कुठून गावला?" पहाटे उठून भाकरी, मग फडात (उसाच्या शेतात), मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहायच्या, आणि रात्री ट्रक आला की झोपेतून उठून भरायचा. दुसरं म्हणजे मी तिच्या हातात मजुरी दिली होती. तिकडे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच मुकादमाकडून, मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेले, तेही बहुतेक नवऱ्याच्या नावावर, हंगामभर ते फेडायचे. मग माझी नायिका गुपचूप पैसे साठवते कुठून? अख्खं कथानक त्या पैशांवर उभं! मी रडकुंडीला आले तर ताईच म्हणाल्या, वाढं विकती की. उसाचे शेंडे, गावातले लोक जनावरांसाठी विकत घेतात, त्यातलं दहा-वीस रुपये बाजूला टाकती. हे मला सात जन्मात सुचलं नसतं.

पैशाचं आधी बोला, काम सुरू व्हायच्या आधी. 'तुमच्या समाजाचं चांगलंच होईल' म्हणून फुकट वाचून घेणं मला तरी पटत नाही. कवितेला मानधन मिळत नाही तिथे हे कुठून आणायचं असं लेखक म्हणतात, कळतं मला, पण प्रूफ रीडरला आपण पानामागे देतोच ना, तेवढं तरी द्या. ताईंना मी दोन दिवसांच्या मजुरीपेक्षा जास्त दिले आणि रोख दिले, गुगल पेवर दिले असते तर ते घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या फोनवर गेले असते.

उत्तर आलं की लगेच रिप्लाय करू नका. माझ्यासारखी माणसं पहिल्या तासात 'पण माझा हेतू असा होता की' असा मोठा परिच्छेद टाइप करतात. ठेवा फोन. हेतू त्यांनी विचारलेलाच नाही. चार दिवसांनी परत वाचा, न कळलेलं विचारा, मग ठरवा. सगळं ऐकायचं असंही नाही, बँकवाल्यांना पेटीवादक दारू पितो हे आवडलं नव्हतं, म्हणाले आधीच लोक आम्हाला बिचारे समजतात. मी विचार केला आणि दारू ठेवली, फक्त तो डोळ्यांच्या दुःखाने पितो असं जे लिहिलं होतं ते काढलं. आता तो भाचीच्या लग्नात पितो, इतरांसारखाच. हे त्यांना कळवलं, आणि का ठेवलं तेही.

एक मात्र करू नका, उद्या कोणी टीका केली तर 'आम्ही दाखवून घेतलं होतं हो' म्हणून वाचकाला पुढे करू नका. त्यांनी सल्ला दिलाय, सर्टिफिकेट नाही. ऋणनिर्देशात नाव टाकायच्या आधीही विचारायचं. बँकवाल्यांना नाव हवं होतं, आडनावासकट. ताई म्हणाल्या नको, मुकादमाचा पोरगा वाचतो बुकं.