वयात आलेल्या पोराला आतून घट्ट कसं करायचं

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एक समज अजून पक्का आहे, पोरगं हळवं वाटलं की त्याला जरा झापायचं, दोन-चार टक्केटोणपे खाऊ द्यायचे, मग होतं आपोआप टणक. नाही होत हो. ज्याच्या आईला किंवा बाबांना डिप्रेशन होऊन गेलंय, ज्याचं जवळचं कोणी गेलंय, ज्याला वर्गात रोज चिडवतात, नाहीतर जो खरगोन-धारकडून येऊन भंवरकुआंला खोली घेऊन कोचिंग करतोय, त्याला टक्केटोणपे आधीच भरपूर मिळालेत.

मग काय लागतं? हवाईमधल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांकडे मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचे आजार अशा सगळ्यात वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही छान निघाली, आणि त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या पाठीशी निदान एक भरवशाचं मोठं माणूस होतं. आईबाबाच पाहिजेत असं काही नाही, आजी, मामा, शाळेतल्या बाई, कोणीही.

म्हणून पहिलं काम, ते माणूस कोण हे ठरवा. तुमचं आणि पोराचं सध्या पटत नसेल तर मावशीला सांगा, त्यात कमीपणा कसला. आणि त्या माणसाने समोर बसवून "बोल, काय झालंय" असं विचारू नये, या वयातली पोरं तिथेच मिटतात. गाडीवर मागे बसवून पोहे खायला न्या, येता-जाता आपोआप निघतं. निघालं की उपाय सांगायची घाई नको (हे फार कठीण जातं, विशेषतः बाबा लोकांना). "बापरे, हे सगळं तू एकटाच डोक्यात घेऊन फिरत होतास का?" एवढं पुरतं. शेजारच्याच्या पोराचे मार्क मध्ये आणलेत की संपलं, पुढचे सहा महिने तो काही बोलणार नाही.

दुसरं म्हणजे झोप. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागते आणि या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, त्यामुळे रात्री अकराला झोप न येणं हा सगळाच आळस नसतो. तरी रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, आणि सगळ्यांचा हं, बाबांचाही. खेळ, सायकल, निदान चालणं रोज असावं, ते तुम्हाला माहीतच आहे.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. पेलतील एवढ्या अडचणी त्यांच्या त्यांना सोडवू द्या. बँकेतलं काम एकट्याने करून येऊ दे, गणपतीत मंडळाच्या वर्गणीचा हिशोब त्याच्याकडे द्या, चुकला तर चुकला, तुम्ही जाऊन निस्तरू नका, फक्त "आता काय काय करता येईल" ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि त्यातलं एक करून बघायला सांगा. असं जमत गेलं की पुढे रिझल्ट बिघडला तरी काहीतरी करता येतं हे त्याला ठाऊक असतं.

आता हे सगळं करूनही दोन आठवडे झाले तरी चेहरा पडलेलाच, मित्र तुटले, खाणं-झोप बिघडली, आवडती गोष्ट नकोशी झाली, तर "वयच तसं आहे" म्हणून थांबू नका, डॉक्टरकडे न्या. बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे, नाव ऐकून दचकू नका. मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणाऱ्या टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ नंबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि चोवीस तास चालतो, आईबाबांनीही लावायला हरकत नाही.

मरणाची भाषा ऐकू आली तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर ओरडू नका, रडून शपथा घालू नका, "कोणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या, फिनाइल, उंदराचं औषध कुलपात टाका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. औषधं सुरू झाली तर बरं वाटायला लागलं म्हणून मनानेच बंद करायची नाहीत, आणि काकू-आत्यांना काय सांगायचं, काय नाही, ते आधी त्यालाच विचारा.