गावातल्या महायुद्धाच्या पाटीमागची नावे कशी शोधावीत

सातारा, रत्नागिरी यांसारख्या सैन्यभरतीच्या जुन्या जिल्ह्यांतील कित्येक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली आढळते. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. पहिले महायुद्ध संपल्यावर सरकारने ठराविक साच्यातून या पाट्या करून घेतल्या. गावागणिक बदलले ते गावाचे नाव आणि आकडे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, मात्र शंभर वर्षांनंतर उभारलेल्या या पाट्यांना एकही नाव मिळाले नाही. सातारा तालुक्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु ज्या गावाच्या पाटीवर दोन किंवा तीन एवढाच आकडा आहे, तिथल्या घरांनाही तो आकडा कोणाचा होता हे कळण्याचा तितकाच हक्क आहे. ही नावे शोधता येतात. त्यासाठी चिकाटी लागते आणि प्रत्येक नावामागे कोणता पुरावा आहे हे लिहून ठेवण्याची शिस्त लागते.

सुरुवात पाटीपासूनच करावी. अनेक ठिकाणी तिच्यावर चुन्याचे किंवा ऑइलपेंटचे थर चढलेले असतात आणि उत्साहाच्या भरात लोक ते तारेच्या ब्रशने किंवा फरशी धुण्याच्या ॲसिडने काढायला जातात. संगमरवराला ॲसिड लागले की वरचा थर विरघळतो आणि अक्षरांच्या कडा कायमच्या बोथट होतात. साधे पाणी आणि मऊ ब्रश यांपलीकडे काहीही वापरू नये. रंग निघत नसेल तर तो तसाच राहू द्यावा आणि जाणकाराला दाखवावे. अक्षरे पुसट असतील तर तिन्हीसांजेला पाटीच्या एका बाजूने, भिंतीला जवळजवळ टेकवून, विजेरीचा झोत टाकावा. कोरीव रेघांत सावली भरते आणि दुपारच्या उन्हात न दिसलेला आकडा स्पष्ट वाचता येतो. असे चार-पाच फोटो वेगवेगळ्या बाजूंनी प्रकाश टाकून घ्यावेत. गेलेल्यांचा आणि मेलेल्यांचा असे दोन्ही आकडे वहीत लिहावेत, कारण पुढचा सगळा ताळा त्यांच्याशीच जुळवायचा आहे.

यानंतर घरोघरी जावे, आणि कागदपत्रांच्या आधी जावे, कारण म्हाताऱ्या माणसांची आठवण थांबून राहत नाही. पणजोबा लढाईवर गेले होते का, असे थेट विचारल्यास बहुतेक घरांतून नकारार्थी उत्तर येते. त्याऐवजी घरात जुनी पदके, बिल्ले, पितळेची जड ताटली, इंग्रजी कागद किंवा पेन्शनचे पुस्तक आहे का, घरात कोणा आजीला लढाईची पेन्शन येत होती का, असे विचारावे. त्या युद्धात मरण पावलेल्यांच्या वारसांना सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची कांस्याची एक गोल तबकडी देण्यात आली होती. तिच्यावर सिंह आणि हाती त्रिशूळ घेतलेली स्त्री असून चौकोनात मृताचे नाव उठावात असते, हुद्दा मात्र नसतो. ही तबकडी फक्त मृतांसाठी होती, त्यामुळे ती सापडली की पाटीवरच्या आकड्यातील एक माणूस सापडला असे समजायला हरकत नाही. अशी तबकडी देवघरात इतर मूर्तींबरोबर पुजली जात असेल तर घरच्यांच्या परवानगीनेच हात लावावा आणि जागच्या जागी फोटो घ्यावा.

पदके मात्र जिवंत परतलेल्यांनाही मिळत. गोल पदकाची कड, म्हणजे जाडीची बाजू, हातात धरून फिरवत वाचावी. तिथे बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर हीच माहिती मागच्या सपाट बाजूला असते. चांदीऐवजी कांस्याचे युद्धपदक मिळाले तर तो माणूस बहुधा लढाऊ शिपाई नसून खेचरे हाकणारा, मजूर किंवा लष्कराबरोबरचा अन्य कामगार असावा. पदक चिंच लावून घासू नका, असे घरच्यांना आवर्जून सांगावे. दर दसऱ्याला घासून घासून कडेवरचे नाव झिजले की ओळख पटवणारा एकमेव कोरीव पुरावाच जातो.

गावच्या दप्तरात दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे कोतवाल बुक, म्हणजेच गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची नोंद. दुसरी म्हणजे जुने फेरफार. खातेदार मरण पावला की जमिनीवर वारसांची नावे लागतात, त्यामुळे १९१५ ते १९२२ या काळातले फेरफार एकेक करून वाचल्यास तरुण वयात मेलेले खातेदार, त्यांच्या विधवा आणि अल्पवयीन मुले यांचा माग लागतो. परदेशात मेलेल्या माणसाची नोंद कोतवाल बुकात नसण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून फेरफार अधिक उपयोगी ठरतात. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतात. बाकीच्यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात रीतसर अर्ज करावा लागतो. नोंद मोडीत असेल तर अंदाजाने वाचू नये, मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावे. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांचा माग फेरफारात लागणार नाही. गावातल्या बलुतेदारांची आणि भूमिहीनांची घरे शोधात मागे पडतात ती इथेच, म्हणून त्या वस्त्यांवर तोंडी चौकशी दुप्पट काळजीने करावी. १९१७ मध्ये १११ वी महार ही स्वतंत्र पलटण उभी राहिली होती, याचे भान ठेवावे.

आता मुख्य साधनाकडे येऊ. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने लढताना मेलेल्या, भारतीयांसह सर्व सैनिकांची नोंद विनामूल्य शोधता येते. पहिल्या महायुद्धासाठी संस्था ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातील मृत्यू धरते. म्हणजे नोकरीत असताना १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मेलेला शिपाईही या यादीत असू शकतो. तो गोळी लागून मेला नाही म्हणून त्याला वगळण्याचे कारण नाही. हात बसावा यासाठी आधी एखाद्या प्रसिद्ध वीराची नोंद काढून पाहावी. नाईक यशवंत घाडगे यांना इटलीतील पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; १० जुलै १९४४ रोजी ते धारातीर्थी पडले आणि त्यांचे नाव कॅसिनो येथील स्मारकावर आहे. माणगाव तालुक्यातील त्यांचे गाव त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात मोडत होते, आज तो जिल्हा रायगड म्हणून ओळखला जातो.

खरी अडचण इथेच आहे. नोंदीतील पत्ता शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशाप्रमाणे असतो. आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव किंवा वाळवा तालुक्याचा शिपाई सातारा जिल्ह्याखाली सापडेल, सिंधुदुर्गाचा रत्नागिरीखाली किंवा सावंतवाडी संस्थानाखाली, आणि कोल्हापूर, फलटण, भोर, औंध इथला त्या त्या संस्थानाच्या नावाखाली. खेड रत्नागिरीतही आहे आणि पुण्यातही. खानापूर सांगलीतही आहे आणि बेळगावातही. त्यामुळे गाव, तालुका आणि जिल्हा या तिन्ही गोष्टी जुळल्याखेरीज आपला माणूस मिळाला असे म्हणू नये.

नावांचे इंग्रजी स्पेलिंग हा दुसरा घोळ. पलटणीतल्या कारकुनाने जे ऐकले ते लिहिले. सावंत हे नाव मधल्या ‘व’साठी ‘डब्ल्यू’ आणि ‘व्ही’ अशा दोन्ही अक्षरांनी शोधावे, यशवंत ‘वाय’पुढे ‘ए’ आणि ‘ई’ अशा दोन्ही स्वरांनी, जाधव शेवटच्या ‘व’च्या जागी ‘ओ’ घालून, भोसले मधल्या ‘न’सह आणि त्याशिवाय. पुष्कळ भारतीय नोंदींत पूर्ण नावच आडनावाच्या रकान्यात भरलेले असते, म्हणून सखाराम, रामजी, बाळा अशी पहिली नावेही आडनावाच्या रकान्यात घालून पाहावीत. एवढ्यानेही भागले नाही तर नावाचा नाद सोडून ‘अतिरिक्त माहिती’च्या रकान्यात गावाचे नाव सर्व संभाव्य स्पेलिंगांनी शोधावे. ‘लक्ष्मणचा मुलगा, राहणार अमुक गाव, चिपळूण, रत्नागिरी’ अशा साच्याची एक ओळ तिथे असते, आणि बापाचे नाव घरच्या वंशावळीशी जुळले की शंका उरत नाही. ती ओळच नसेल तर पलटणीवरून जावे. त्या काळी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १९२२ च्या पुनर्रचनेत त्यांची मिळून ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. मुंबई सॅपर्स अँड मायनर्स ही लष्करी अभियंत्यांची तुकडी, रस्ते-खंदक तयार करणाऱ्या पायोनियर पलटणी आणि मजूर तुकड्या यांतही आपले लोक होते.

मृत्यूची तारीख आणि स्मारकाचे नाव हाती आले की माणूस कुठे व कसा गेला याचा बराच उलगडा होतो. नोव्हेंबर १९१५ मधली तारीख आणि इराकमधील बसरा स्मारक असेल तर बगदादच्या अलीकडे झालेली टेसिफोनची लढाई आठवावी. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात इराकमधल्याच कूत-अल-अमारा इथे सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढले होते. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. अन्न संपल्यावर शरणागती झाली आणि नंतर असंख्य शिपाई कैदेत मेले, त्यामुळे २९ एप्रिलनंतरच्या तारखांकडे विशेष लक्ष द्यावे. फ्रान्समध्ये ज्यांची समाधी सापडली नाही त्यांची नावे न्यूव्ह-शापेलच्या स्मारकावर आहेत. भारतात मेलेल्या १,८०० हून अधिक जणांचे स्मरण पुण्यातील खडकीच्या स्मारकावर केलेले आहे, आणि तिथे घरच्यांना सहज जाता येते. बसऱ्याच्या मूळ स्मारकावर मात्र साध्या भारतीय शिपायांची नावे कोरलेली नव्हती, पलटणीखाली नुसता त्यांचा आकडा होता. नावे स्वतंत्र वहीत होती. गावात आकडा आणि बसऱ्यातही आकडा, असा अन्याय या माणसांवर दोनदा झाला, आणि तो दूर करण्याचे काम आज आपल्या हातात आहे असे मला मनापासून वाटते.

मिळालेली नावे लिहिताना तीन वर्ग ठेवावेत. पदक, तबकडी किंवा कमिशनची नोंद यांनी सिद्ध झालेली नावे पहिल्या वर्गात घ्यावीत. फेरफार आणि तोंडी माहिती एकमेकांशी जुळणारी दुसऱ्यात. केवळ घरच्या आठवणीवर असलेली तिसऱ्यात. तिसऱ्या वर्गातील नाव गाळू नये, पण ते पहिल्या वर्गात ढकलूही नये. पाटीवर सहाचा आकडा असेल आणि चारच नावे मिळाली तर चारच लिहावीत.

नवा फलक करताना जुन्या पाटीला हात लावू नये. ती भिंत पाडायची वेळ आली तर पाटी अलगद काढून नव्या बांधकामात बसवण्याची अट ग्रामसभेच्या ठरावातच घालावी. नवा फलक तिच्या शेजारी उभारावा, काळ्या ग्रॅनाइटवर खोल कोरीव अक्षरांत. रंगवलेली अक्षरे चार पावसाळ्यांत उडतात. नावे हुद्द्याप्रमाणे, भावकीप्रमाणे किंवा वस्तीप्रमाणे न लावता अक्षरानुक्रमे लावावीत, मजूर आणि शिपाई एकाच आकाराच्या अक्षरांत लिहावेत. नावाखाली पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारकाचे ठिकाण एवढे पुरे. देणगीदारांची आणि उद्घाटकांची नावे या दगडावर नकोतच. ती पंचायतीच्या इतिवृत्तात असावीत.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत आणि मोहिमांत कामी आलेल्या जवानांची नावेही त्याच ठिकाणी घ्यायची असतील तर त्यांचा तपशील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून आणि संबंधित रेजिमेंटच्या केंद्राकडून तपासून घ्यावा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे खडकीला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर, जे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले, कोरलेल्या नावाचे लेखन आणि गावच्या फलकावरील लेखन यांची तुलना करून घरच्यांना मान्य असलेले रूप ठरवावे. वीरपत्नी किंवा आईवडील हयात असतील तर त्यांना विचारल्याशिवाय एक अक्षरही कोरू नये.

महायुद्धात मेलेल्या एखाद्याचा पुरावा हाती आहे, पण कमिशनच्या यादीत त्याचे नाव नाही, असे झाल्यास तिथेच थांबू नये. २०२१ साली कमिशननेच प्रसिद्ध केलेल्या अहवालात आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्वेतील फार मोठ्या संख्येने सैनिकांचे स्मरण नावानिशी झालेच नाही, हे मान्य केले आहे. त्यांच्या चौकशी विभागाला इंग्रजीत पत्र लिहून सेवेचा पुरावा, मृत्यूची तारीख दर्शवणारा कागद, पदकाच्या कडेचे फोटो आणि फेरफाराची प्रमाणित नक्कल भाषांतरासह पाठवावी. चुकलेले गाव किंवा बापाचे नाव दुरुस्त करण्यासाठीही याच मार्गाने लिहावे. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेच्या ग्रंथालयात आणि एक त्या घरी ठेवावी, आणि तिच्यावर कोणी, कधी, कोणाकडून माहिती घेतली हे लिहून सही करावी.