बोर्दोची रेड वाइन कशी चाखावी: तुरटपणाकडे आधी लक्ष द्या

वाइन चाखण्यावरच्या बहुतेक लेखांत ग्लास कसा धरायचा, किती फिरवायचा आणि कोणत्या फळांचे वास हुंगायचे, याचंच पुराण असतं. घोट तोंडात गेल्यावर काय करायचं, हे दोन ओळींत उरकलेलं असतं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या उत्तम रेड वाइनचा कस तर तोंडातच कळतो, आणि तोही मुख्यतः टॅनिनमधून, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून, बियांमधून आणि काही अंशी ओकच्या पिंपातून उतरणाऱ्या तुरटपणातून. म्हणून बाकीच्या पायऱ्या मी झटपट सांगते.

बाटली मेदोक या बोर्दोतल्या भागाची घ्या, आठ ते बारा वर्षं मुरलेली. तिथे जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर सेंतेस्तेफ, पोयाक, सें-जुलियँ, मार्गो ही गावं आहेत. तिथल्या खडीच्या जमिनीतून पाणी निचरून जातं, दगड ऊब धरून ठेवतात, त्यामुळे उशिरा पिकणारं काबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष तिथे नीट पिकतं. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी केलेली नामांकित वाइन-उत्पादकांची पाच श्रेणींची यादी आजही लेबलांवर दिसते. शिकण्यासाठी त्या यादीतली बाटली लागत नाही, ‘क्रू बुर्ज्वा’ (त्या यादीबाहेरच्या मेदोक वाइनची एक श्रेणी) लिहिलेली चांगली बाटली पुरते.

तापमान 16 ते 18 अंश. ‘खोलीच्या तापमानाला प्या’ हा सल्ला फ्रान्समधल्या थंड दगडी घरांसाठी होता. मुंबई-पुण्याच्या 30 अंशांत अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकी काही कळत नाही. बाटली 16 ते 18 अंशांवर येईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. त्याहून गार केलीत तर टॅनिन उगाच कठोर लागेल.

गाळ खाली बसावा म्हणून बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा. बूच काढल्यावर आधी थोडी ओतून वास घ्या. ओल्या, बुरसट पुठ्ठ्याचा वास आला तर बुचातून दोष उतरलाय. तो हवेने जात नाही, बाटली परत करा.

डिकँटरबद्दल, म्हणजे वाइन ओतून घ्यायच्या काचेच्या भांड्याबद्दल, माझं मत ठाम आहे: गाळ असेल तर वापरा, नाहीतर नको. बोर्दोचे थोर वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांचंही म्हणणं असंच होतं, की गाळासाठीच ओता आणि तेही प्यायच्या अगदी आधी. तीन-तीन तास उघडी ठेवायला सांगणारे तुमच्याकडून वाइनमधला बदल पाहण्याची संधी काढून घेतात. तो बदल ग्लासातच होऊ द्या.

रंग पाहायचा तो कडेला: जांभळट म्हणजे तरुण, विटकरी म्हणजे मुरलेली. काचेवरून ओघळणारे थेंब अल्कोहोल उडून जाण्यामुळे तयार होतात, त्यांचा दर्जाशी संबंध नाही.

वास डोळे मिटून घ्या. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना लाल रंग घातलेली व्हाइट वाइन दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. डोळे नाकाला इतके फसवतात. या वाइनच्या वर्णनात हमखास येणारं ब्लॅककरंट हे फळ कधी खाल्लं नसेल तर तो शब्द वापरू नका. जांभूळ वाटलं तर जांभूळच म्हणा. ढोबळी मिरचीचा वास ठसठशीत आला, तर काबर्ने पुरतं पिकलं नव्हतं असं समजा.

आता तोंड. मी सर्वांत जास्त झगडले ती याच पायरीवर, कारण आंबट, कडू आणि तुरट एकाच घोटात एकमेकांवर चढून येतात. आपल्याकडे आयुर्वेदाने तुरट हा सहावा रस मानला. वाइन चाखताना मात्र त्याला स्पर्श म्हणून शोधा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, ती साकळतात, लाळेचा ओशटपणा जातो आणि जीभ टाळूवर घासायला लागते. म्हणून तो जिभेच्या एखाद्या ठरावीक भागावर सापडणार नाही. टोकाला गोड, मागे कडू असा जिभेचा नकाशा चुकीचा आहे, तरी वाइनच्या वर्गांत तो अजून वाटला जातो. तो बाजूला ठेवा आणि गाल, हिरड्या, टाळू यांच्याकडे लक्ष द्या.

आदल्या दिवशी एक सराव करा, टाळू नका. एका पेल्यात लिंबूपाणी, साखर-मीठ न घालता. दुसऱ्यात कारल्याचा थोडा रस घातलेलं पाणी. तिसऱ्यात दहा मिनिटं उकळून गार केलेला कोरा चहा. प्रत्येक घोटानंतर मान किंचित खाली झुकवून थांबा. लिंबाने तोंडाला पाणी सुटतं. कारल्याने चव कडवट होते, पण तोंड ओलंच राहतं. चहात कडूपणा आहेच, पण त्याने वर तोंड कोरडंही पडतं. हा कोरडेपणा वेगळा काढता आला, की निम्मं काम झालं.

वाइनचा पहिला घोट मोजूच नका, तोंडाला सवय व्हायला तो लागतो. दुसरा घोट चूळ भरल्यासारखा दहा सेकंद गालांतून फिरवा, थुंका, आणि लाळ किती सुटते ते पाहा. तो आंबटपणा. तिसऱ्या घोटाला फक्त टॅनिन पाहा, आणि दोन वेगळे प्रश्न विचारा: किती आहे, आणि कसं आहे? हे दोन प्रश्न एकत्र करू नका. ‘स्मूद म्हणजे चांगली’ हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. 2010 च्या, म्हणजे त्या वर्षीच्या द्राक्षांच्या, मेदोकमध्ये टॅनिन भरपूर आहे आणि तरीही ते अप्रतिम आहे: सगळ्या तोंडावर बारीक, एकसारखा थर बसतो आणि फळाची चव त्यातून पुढे चालत राहते. 2009 च्या उष्ण वर्षातली वाइन त्याहून मऊ. थंड, पावसाळी 2013 मध्ये द्राक्षं पिकवणंच अवघड गेलं होतं. टॅनिन खरखरीत असेल आणि फळ संपल्यावरही हिरड्या ओढत राहिलं, तर ते कच्चं आहे. जमलं तर मित्रांबरोबर वर्गणी काढून 2009 आणि 2010 शेजारी ठेवा. एका संध्याकाळी इतका फरक दुसऱ्या कशानेच कळत नाही.

घोटागणिक तुरटपणा साचत जातो. मध्ये मिनिटभर थांबा, साधा पाव आणि पाणी घ्या. असं न करता पाचव्या घोटाला वाइनला कठोर ठरवणं अन्यायाचं आहे.

घोट गिळल्यावर सुवास किती सेकंद टिकतो ते मोजा. फ्रेंच लोक एका सेकंदाला एक ‘कोदाली’ म्हणतात. कोरडेपणा यात धरायचा नाही, फक्त सुवास.

जेवण यानंतर. पोयाकचं कोवळं मेंढीचं मटण प्रसिद्ध आहे ते उगाच नाही: मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवतात, आणि वाइन एकदम मवाळ लागते. घरी मीठ-मिरपूड लावून भाजलेलं मटण करा. तांबडा रस्सा दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, तिखटासोबत टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही बोचतात.

बाटली संपवू नका. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा 16 अंशांवर आणून तसेच तीन घोट घ्या. टॅनिन मवाळ होऊन फळ अजून ताजं असेल, तर त्या वर्षाच्या आणखी बाटल्या घेऊन थंड जागी आडव्या ठेवायला हरकत नाही. फळ विझून नुसता कोरडेपणा उरला असेल, तर घरात आणखी असलेल्या बाटल्या याच वर्षी उघडा.