पोलो जीटी टीएसआय मॉडिफाय करताय? या चुका टाळा

चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो २०२२ मध्ये बंद झाली, पण तिचं जुनं टर्बो पेट्रोल मॉडेल जीटी टीएसआय घेऊन ती आणखी चपळ करायची हौस काही कमी झालेली नाही. बहुतेक जण आधी रीमॅप करतात (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवतात), मग अलॉय चाकं घालतात आणि शेवटी सस्पेन्शनकडे वळतात. हा क्रम उलटा करा. गाडी रस्त्याला धरून ठेवतात ती चाकं आणि शॉकअप; ते नीट नसतील तर वाढवलेली ताकद वळणावर अंगाशी येते.

अलॉय घेताना पीसीडी ५×१०० (पाच बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी) जुळली की लोक पैसे मोजून मोकळे होतात. मधल्या भोकाचं माप कोणी विचारत नाही. पोलोच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, ५७.१ मिमी लागतं. बाहेरच्या अलॉयचं भोक बऱ्याचदा मोठं असतं. मध्ये रिंग बसवली नाही तर चाक बरोबर मध्यावर बसेलच असं नाही, आणि ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मग कितीही बॅलन्सिंग करा, उपयोग नाही.

त्याहून धोका बोल्टचा. कंपनीच्या बोल्टचं डोकं आतून गोलाकार असतं, तर बाहेरच्या बहुतेक अलॉयना निमुळतं, ६० अंशांचं लागतं. जुनाच बोल्ट नव्या अलॉयमध्ये सहज फिरतो, घट्टही वाटतो, पण टेकतो एका बारीक कडेवर. चालत्या गाडीत तो सैल होऊ शकतो. अलॉयबरोबर योग्य बोल्ट मागून घ्या, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) १२० एनएमवर (न्यूटन मीटर) आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नुसत्या एअर गनवर विसंबू नका.

टायरचं गणित सोपं आहे. १८५/६० आर१५ च्या टायरची कडा, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची उंची, १११ मिमी, २०५/४५ आर१७ ची फक्त ९२. आपल्याकडच्या खड्ड्यांत हा फरक थेट रिमवर उतरतो. रोजच्या वापराला १६ इंची रिमवर थांबणंच शहाणपणाचं.

स्प्रिंग कापून गाडी खाली घेऊ नका, मेस्त्री कितीही खात्री देवो. कापलेलं टोक बैठकीत बसत नाही आणि शॉकअप सतत बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडणीवर) आपटतो. चांगल्या लोअरिंग स्प्रिंग घातल्या तरी जीर्ण शॉकअप त्यांना आवरू शकत नाही. दोन्ही एकत्र बदला. आणखी एक गोष्ट बरीच गॅरेजं विसरतात: लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचे, म्हणजे रबरी सांध्याचे, बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळायचे नसतात. चाकांवर वजन आल्यावर आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट करायलाच हवी.

आता ताकद. १.२ टीएसआयचा मूळ टॉर्क १७५ एनएम, आणि सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) मर्यादा २५०. रीमॅपचा आकडा या मर्यादेच्या खाली, बऱ्यापैकी राखून ठेवा. ट्रॅफिकमध्ये रांगत चालताना हा क्लच तापतो, हेही ध्यानात घ्या.

काम झाल्यावर गाडी थरथरली तर कधी थरथरते ते पाहा. फक्त ब्रेक दाबल्यावर असेल तर डिस्क बघा. फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर असेल तर आतला सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद नेणाऱ्या शाफ्टचा सांधा) किंवा इंजिन माउंट. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट; त्याचा बूट (रबरी आवरण) फाटून ग्रीस उडालंय का, ते आधी तपासा.