मोफत बसची मागणी ग्रामसभेत मांडताना

गोव्यातल्या आपल्या गावच्या मार्गावर बसप्रवास मोफत व्हावा, असा ठराव मांडायचा असेल, तर भाषणाच्या तयारीआधी वही हाती घ्यावी, कारण “लोक आताच तिकीट बुडवतात, उद्या पैसा कुठून आणणार?” हा आक्षेप हमखास येतो आणि आकड्यांशिवाय त्याला उत्तर देता येत नाही.

आठवडाभर सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांना तिठ्यावर उभे राहून किती माणसे चढली ते मोजावे, आणि बसमधून प्रवास करून किती जणांच्या हाती तिकीट पडले तेही टिपावे. खासगी बसने रोज जाणाऱ्याला ठाऊक असते की, पैसे बहुतेक सगळेच देतात, तिकीट मात्र मागावे लागते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 178 नुसार विनातिकीट प्रवाशाला 500 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तिकीट न देणाऱ्या कंडक्टरलाही तेवढाच. हे दुसरे पोटकलम सभेत वाचून दाखवावे.

मग माहिती अधिकाराखाली कदंब परिवहन महामंडळाकडून, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेकडून, त्या मार्गाचे तिकीट-उत्पन्न, किलोमीटरमागचा खर्च, तपासनिसांवरचा खर्च आणि वसूल झालेला दंड मागवावा. उत्तरासाठी मुदत 30 दिवसांची असते. आकडे आपल्या बाजूचे नसले, तरी ते सभेपुढे ठेवावेत.

उदाहरण शेजारचेच द्यावे. कर्नाटकात 11 जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेत राज्यातील महिलांना साध्या सरकारी बसमधून राज्यांतर्गत प्रवास मोफत आहे, तरीही कंडक्टर प्रत्येकीला शून्य रुपयांचे तिकीट देतो. कारण त्या तिकिटांच्या हिशोबावर सरकार परिवहन महामंडळांना भरपाई देते. म्हणजे मोफत प्रवासातही तिकीट राहतेच, फक्त फसवणुकीची दिशा उलटू शकते: आज न फाडलेले तिकीट ही चोरी, तर तेव्हा प्रवाशाविना फाडलेले. आपली वही तेव्हाही उपयोगी पडेल. तत्त्वाबद्दल वाद घालणाऱ्याला आपल्याकडच्या नदीवरील फेरीबोटीची आठवण द्यावी, जिथे पायी चढणाऱ्याला भाडे पडत नाही आणि त्याला कोणी फुकटा म्हणत नाही.

मागणी आटोपशीर असावी: एकच मार्ग, सहा महिने, शून्य रुपयांचे तिकीट, आणि खासगी बसमालकांना किलोमीटरमागे मोबदला, अन्यथा प्रवासी गमावण्याच्या भीतीने पहिला विरोध त्यांचाच होईल. ठराव पंचायत सचिवाकडे आधीच लेखी देऊन पोच घ्यावी आणि पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले जाताना तो त्याच शब्दांत नोंदला गेला आहे का, ते पाहावे.