बिबट्या आणि माणसं, दोघांचा अभ्यास एकत्र कसा करायचा

माणूस आणि वन्यप्राणी यावर काम करायचंय म्हणणारी बरीच पोरंपोरी भेटतात, कुणी झूलॉजीची, कुणी समाजशास्त्राची, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरे किती लावू, नाहीतर सर्व्हेचा फॉर्म कसा करू. हे दोन्ही नंतर. आधी प्रश्न ठरवा, आणि तो एकट्या तुमच्या विषयाचा नको, गावालाही तो पडलेला हवा.

का ते जुन्नरवरून कळतं. 2001 ते 2003 मध्ये तिथले उसातले बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले, म्हणजे प्रॉब्लेमच उचलून बाहेर ठेवला असं सगळ्यांना वाटलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब लावला तर माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी 4 होते ते 17 वर गेले होते! पकडापकडीचा ताण, अनोळखी जागा, आपल्या भागाकडे परत निघालेलं जनावर, अशी कारणं त्यामागे असावीत. हे दिसलं कसं, तर हल्ल्यांच्या सरकारी नोंदी आणि जनावराचं वागणं शेजारी शेजारी ठेवून बघितलं म्हणून. नुसत्या नोंदी किंवा नुसतं जीवशास्त्र घेऊन बसला असता तर हातात अर्धीच गोष्ट आली असती.

नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचंही तसंच. 2013 साली छापून आलेल्या अभ्यासात त्या शेतीच्या खोऱ्यात 100 चौरस किलोमीटरला साधारण 5 मोठे बिबटे आणि तितकेच तरस निघाले, आणि पुढे विष्ठा तपासली तर बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने 39 टक्के गावातली कुत्री. आता पुढचा प्रश्न बघा, एवढी कुत्री जगतात कशावर? कोंबड्यांची घाण कुठे टाकतात, कचरा कोण उचलतं? इथे झूलॉजी संपते आणि ग्रामपंचायत सुरू होते.

म्हणून पहिले काही दिवस फॉर्म न घेता फिरा. मळ्यात जा, डेअरीवर सकाळी दूध घालायला लोक येतात तिथे थांबा, ऐका. एक गोष्ट हमखास कानावर येते, ती म्हणजे लाईट. बऱ्याच ठिकाणी शेतीपंपाची थ्री फेज पाळीने येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, आणि रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन एकटा उसात दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला जातो, नेमका बिबट्या फिरतो त्या वेळेला. कुठल्याही प्राण्याच्या पुस्तकात हे सापडणार नाही.

मग एक साधं काम करा, मला ते सगळ्यात उपयोगी वाटतं. एका कागदावर 24 तास आखा. त्यावर कॅमेऱ्यात बिबट्या आला त्या वेळा टाका, खाली त्या आठवड्याचे थ्री फेजचे तास, खाली दूध काढायची वेळ, शाळेतून पोरं वस्तीवर परत येतात ती वेळ, बायका शौचाला बाहेर जातात ती वेळ. टीममधल्या प्रत्येकाचा डेटा त्याच कागदावर आला पाहिजे. प्राणीवाला आणि माणसंवाला वेगवेगळी चॅप्टर्स लिहून शेवटी पिन मारतात, तो एकत्र अभ्यास नव्हेच.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. बिबट्याच्या दोन्ही बाजूंचे ठिपके वेगळे असतात म्हणून समोरासमोर दोन लावा, नाहीतर एकच जनावर दोन म्हणून मोजाल. वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहे. आणि हे फार कमी लोक करतात पण कराच: बांधावरच्या कॅमेऱ्यात माणसंही येतात, पहाटे बाहेर जाणाऱ्या बायका येतात, तर कॅमेरे कुठे आहेत ते ग्रामसभेत आधी सांगा आणि माणसांचे फोटो काढून टाकू असं कबूल करून खरंच काढून टाका.

मुलाखतीत "बिबट्याची भीती वाटते का" हे विचारू नका, त्याला काय उत्तर देणार कुणी. "शेवटचा कधी दिसला, तेव्हा तुम्ही काय करत होता, सोबत कोण होतं" असं विचारा, माणूस आपोआप सांगत जातो. आणि नुसतं सरपंचांच्या ओट्यावर बसून परत येऊ नका. मतदार यादीतून घरं निवडली की ऊसतोडवाले सुटतातच, कारण बहुतेकांचं मतदान दुसऱ्या जिल्ह्यात, आणि इथे तर तीच माणसं उसाच्या फडाच्या कडेला कोपीत, म्हणजे झोपडीत, लहान पोरांना घेऊन झोपतात, सगळ्यात उघड्यावर तीच. टोळीशी बोलायला मुकादमाची ओळख लागते पण बोलताना तो शेजारी नको.

गाव म्हणतं बिबटे वाढले आणि कॅमेरे म्हणतात तेवढेच आहेत, असं झालं तर कुणाला खोटं पाडायची घाई करू नका. तोड सुरू झाली की आडोसा जातो आणि जनावर जास्त दिसतं, शिवाय एकाच बिबट्याचा व्हिडिओ पाच गावांच्या ग्रुपवर फिरतो. दोन्ही गोष्टी लिहा. वारली लोकांच्या वाघोबा या देवावर 2021 मध्ये चांगला अभ्यास आलाय, तो जरूर वाचा, पण देव मानतात म्हणजे शेळी गेल्याचं दुःख होत नाही असा अर्थ काढू नका.

आता सांगायचं कसं. जर्नलच्या आधी गावाला सांगा. घनतेचा आकडा तिथे कुणाला नकोय, वस्त्यांची नावं घातलेला नकाशा आणि तो 24 तासांचा कागद मोठा करून लावा, लोक स्वतःच बोट ठेवून बोलायला लागतात. "मग आम्ही करायचं काय" हे येणारच, त्याची तयारी ठेवा: गोठा बंदिस्त, पोरांना संध्याकाळी एकटं सोडायचं नाही, रात्री दारं धरायला दोघांनी बोलत जायचं. आणि दिवसा लाईट मिळावी ही मागणी लोक आधीपासूनच करतायत, तिला तुमचा कागद जोडून एक पानाचं निवेदन महावितरणला जाऊ दे.

पत्रकारांशी ओळख घटनेच्या आधी करा. मुंबईत 2011 पासून वनखात्याबरोबर "मुंबईकर्स फॉर एसजीएनपी" (म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) या उपक्रमात पत्रकारांसाठी कार्यशाळा घेतल्या, त्यातून बरंच शिकण्यासारखं आहे. बछडी सापडलेली जागा मात्र कुणालाच देऊ नका, फोटोचं लोकेशनही बंद ठेवा. आणि ज्या घरातलं माणूस गेलंय तिथे आकडे घेऊन जायचं नाही. आधी भेटायला जा, शांत बसा, भरपाईच्या कागदांना मदत लागली तर करा. अभ्यासाचं नंतर, तेही त्यांनी विचारलं तर.

काम संपलं की सगळ्याची मराठी प्रत ग्रामपंचायतीत द्या. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तिथे जैवविविधता समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी, त्यात ती नोंद घालायला सांगा, नसेल तर सुरू करून द्या, पुढे जो कुणी अभ्यासाला येईल त्याला पहिली तीच लागेल.